रिपोर्टात न दिसणारं दुखणं

आई, तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि आता तेच मला होतंय. सकाळी जाग येते तेव्हा झोपेत कुणी बडवून काढल्यासारखं अंग ठणकतं. तू काजूच्या कारखान्यातून आलीस की स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचीस आणि हळूच म्हणायचीस, "बाय, जरा खांदे चोळतेस?" एकदा मावशीसमोरच मी फाडकन बोलले, "रक्त तपासलं, फोटो काढला, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग दुखतं काय तुझं? कामाचा कंटाळा आलाय म्हण ना!" तू माझ्याकडे पाहिलंस, उठलीस आणि भाकऱ्या थापायला घेतल्यास. त्यानंतर खांदे चोळायला तू मला कधीच सांगितलं नाहीस.

गेल्या वर्षी रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर नुसता अंगठा दाबला आणि मी ओरडले. या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. "तपासणीत दिसत नाही, पण दुखणं खरं असतं," त्या म्हणाल्या. गोळी दिली, शेक घ्या, रोज थोडं चाला, सावकाश आसनं करा, असं सांगितलं. "पूर्ण जाईल असं नाही म्हणत मी. आटोक्यात राहील."

मला ते आटोक्यात नको होतं, जायला हवं होतं. शेजारणीने एका मालिशवाल्याचा पत्ता दिला, तशी एसटीने त्याच्या गावी गेले. "गोळ्या बंद करा, तीन खेपांत मोकळ्या व्हाल," तो म्हणाला आणि पाठीत कोपर रोवलं. मी "थांबा, थांबा" म्हणतेय, तो म्हणतोय, "दुखल्याशिवाय सुटत नाही, ताई." मी दात आवळून पडून राहिले. पुढचे चार दिवस केस विंचरायलाही हात वर जाईना. नवरा चहा घेऊन उशाशी उभा असायचा, आणि मला एकच भीती, आता हे असंच राहणार.

परत जाऊन सगळं सांगितलं, तरी डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "कुठलाही उपाय करा, पण आधी मला विचारा. आणि गोळी मनाने सोडू नका." आता खुर्चीत बसून आसनं करते, श्वास मोजते, गरम पाण्याची पिशवी घेते. काही दिवस बरे जातात, काही नाही जात. तुझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी होते.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगते. पहिल्या दिवशी कागद भरताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता?"

मी नाही म्हणाले.