डोकं थंड ठेवणारं शहर

३ एप्रिल
टेबलफॅन गेला. ही म्हणते, मी फेकला. फेकला नाही. हातात होता, खिडकी उघडी होती, तोल तिकडे गेला. खाली कोणी नव्हतं. म्हणजे एक जण होता, पण तो वेळेवर सरकला.

मूळ कारण उकाडा. फॅन गरम हवा तोंडावर मारत होता आणि फोनवर घरमालक म्हणत होता, पाण्याचं बघू. अशा हवेत कुणाचंही डोकं फिरेल. मी मुळात शांत माणूस. शाळेत एकाने मला तापट म्हटलं होतं. एकदाच.

पण आता सुटका दिसते आहे. ही डायलिसिस टेक्निशियन. तिच्या कंपनीची परदेशात तीन शहरांत हॉस्पिटलं आहेत. तिला तिथली नोकरी मिळाली आणि वर सांगितलंय की तीनपैकी शहर कुठलं ते तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणजे अर्थात मी.

निश्चय : हवामानाचा नीट अभ्यास करून निर्णय घ्यायचा. तोवर आवाज चढवायचा नाही.

संध्याकाळी ७
चढवला. टिकलीने दार आपटलं. (आमची मुलगी. दहा वर्षांची आहे, अजून वळण लागायचंय.) तिचं म्हणणं, दार वाऱ्याने आपटलं. वारा आहे कुठे? तोच तर मुद्दा आहे!

६ एप्रिल
अभ्यास जोरात. तीन शहरांना सोयीसाठी मीच नावं दिली आहेत. बर्फवालं, वाऱ्याचं आणि भट्टी.

वाऱ्याचं शहर बाद. बंदर आहे, वर्षभर कानात शिट्टी वाजणार. मी एखाद्याचा जीव घेईन. भट्टीचा विचारच नको. तिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो. माणसं तिथे राहतात कशी हा पोलिसांनी तपासण्याचा विषय आहे.

बर्फवालं उत्तम. तिथल्या लोकांचा एक व्हिडिओ पाहिला. दोन गाड्या धडकल्या. दोघे खाली उतरले, एकमेकांना सॉरी म्हणाले, हात मिळवले आणि गेले. याला म्हणतात गारवा. इथे असतं तर त्या दोघांतला एक मी असतो आणि दुसरा दवाखान्यात.

हिला दाखवला. ती म्हणाली, तिथल्या भिंती जाड असतात का? चांगला प्रश्न. म्हटलं, खूप जाड.

१० एप्रिल
सिग्नलला मागचा स्कूटरवाला सारखा हॉर्न मारत होता. मी उतरलो. फक्त विचारायला. त्याला हेल्मेटमधून ऐकू येत नव्हतं, म्हणून मी ते ओढून काढायला गेलो. त्यात त्याची मान होती हे खरं, पण ती काही मी घातली नव्हती. मग तो ओरडला, मग स्कूटर पडली, मग तोही पडला. मी त्याला लाथ मारली असं लोक म्हणतात. पाय मोकळे करत होतो.

घरी आल्यावर पाहिलं तर स्कूटरचा आरसा माझ्या हातात.

ही आणि टिकली तेवढा वेळ गाडीत काचा वर करून बसल्या होत्या. एवढ्या उकाड्यात काचा वर! दोघींना हवामानाची काडीची समज नाही. सगळं मलाच बघावं लागतं.

१५ एप्रिल
कामावर किरकोळ अपघात. मी कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर आहे. फोर्कलिफ्टवाल्याने फ्रोझन मटारची थप्पी पाडली. खोके फुटले, मटार गोट्यांसारखे सगळीकडे. मी त्याला एक धक्का दिला, नुसता भानावर आणायला. तो मटारवरून घसरला आणि डोकं लोखंडी रॅकवर आपटलं. आवाज चमत्कारिक आला. रक्तही आलं, पण तिथल्या थंडीत लगेच घट्ट झालं, म्हणजे तसं काळजीचं नव्हतं.

साहेब म्हणाले, उणे वीसच्या खोलीत तुम्हाला कसला उकाडा झाला? मी शांतपणे समजावलं. बाहेरून येताना माणूस अंगातली उष्णता आत घेऊन येतो. वरून जाडजूड जाकीट. ती कोंडते. ती कुठेतरी निघणारच. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बोलावेपर्यंत येऊ नका.

चला, अभ्यासाला वेळ मिळाला.

१६ एप्रिल
मनाचा मोठेपणा म्हणून फोर्कलिफ्टवाल्याला बघायला गेलो. बिस्किटं नेली. डोक्याला हे एवढं बँडेज. मला बघितल्याबरोबर त्याने उशाची बेल दाबली. मी म्हटलं, अरे, मी आहे. त्याने पुन्हा दाबली. बायको शेजारी बसली होती, ती उठून आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली. हातात स्टीलचा ग्लास.

बिस्किटं परत आणली.

१९ एप्रिल
थंडीचा सराव सुरू. टबात बर्फ टाकून पाय बुडवून बसायचं. आहाहा. डोक्यातली एकेक ठिणगी विझते. इतका शांत झालो की घरमालकालाही माफ केलं.

टिकली आली. म्हणाली, बाबा, तिकडे गेल्यावर तुम्ही खरंच चिडणार नाही? म्हटलं, कधीच नाही. ती म्हणाली, पण तिथे पण उन्हाळा येतोच ना? आमच्या बाईंनी सांगितलंय.

टब उडाला. पोरगी चपळ आहे, तोवर दाराआड गेली होती. दाराची फळी उभी चिरली. पोरीला लागलं नाही. लागलं नाही हे महत्त्वाचं. मी दोनदा हाक मारली, पण ती बाहेर आली नाही.

हिने पाणी पुसलं. अगदी शांतपणे. बर्फाचा परिणाम घरात सगळ्यांवर होतो आहे.

२३ एप्रिल
आज व्हिडिओ कॉल. हिच्या हॉस्पिटलमधली जुनी मैत्रीण. ती आधी बर्फवाल्या शहरात होती, आता भट्टीत आहे. दोन्हीकडची माहिती एकाच ठिकाणी. मी वही घेऊन बसलो.

मैत्रीण म्हणाली, बर्फाच्या शहरात खिडक्यांना दुहेरी काचा. सहा महिने सगळं बंद. शेजारी कोण राहतं ते वर्षानुवर्षं कळत नाही. हिने विचारलं, कोणी ओरडलं तर? मैत्रीण म्हणाली, ओरडलं तरी ऐकू जायचं नाही ग. मी म्हटलं, वा! हेच शहर. मला शांतता लागते.

मग भट्टीचं. तिथे म्हणे घरं एका अंगणाभोवती. खिडक्या रात्रंदिवस उघड्या. संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं खुर्च्या टाकून बाहेर. कुणाकडे भांडं पडलं तरी चार बायका बघायला येतात. दार वाजवायची पद्धत नाही, सरळ आत. मैत्रीण कंटाळलेली वाटली. म्हणाली, खाजगी असं काही राहतच नाही.

मी तिथल्या तिथे सांगितलं. त्या भट्टीत मी पाय ठेवणार नाही. मेलो तरी नाही.

ही म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की. जरा वेळाने भांडी घासता घासता पुन्हा म्हणाली, अहो, नक्की ना? म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.

माझ्या मताला किती किंमत देते ही. इतक्या वर्षांत एवढं लक्ष देऊन ऐकलेलं आठवत नाही.

२८ एप्रिल
मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. चहा पिता पिता म्हणाला, भावोजी, राग हवामानातून येत नसतो, माणसातून येतो. मी हसून सोडून दिलं. तो पुढे म्हणाला, ताईच्या दंडावरचा डाग कसला आहे? मी म्हटलं, कपाट लागलं. तो म्हणाला, कपाट चालत आलं होतं का?

किटली मी त्याच्याकडे सरकवली. जरा जोरात. त्याच्या कानाला लागली. चहा उकळता नव्हता, नुसता गरम होता. तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने एक ठेवून दिली. पाहुण्याने असं करावं? मी त्याचा गळा धरला. खुर्ची मोडली. आम्ही दोघे खाली. त्याचा अंगठा माझ्या दाताखाली आला. माझा पुढचा दात पडला. तो तसाही हलत होता.

टिकली खिडकीतून ओरडत होती, कोणीतरी या, कोणीतरी या. कोणी आलं नाही. वरच्या मजल्यावर टीव्हीचा आवाज मात्र वाढला. हिने येऊन खिडकी लावून घेतली आणि टिकलीला म्हणाली, राहू दे बाळा, इथे कोणी येत नाही.

बरोबर आहे. घरातलं घरात राहावं. शेजारी सभ्य आहेत.

निश्चय : मेहुण्याशी बोलणं बंद. बर्फवाल्या शहराचा पत्ता त्याला द्यायचा नाही.

६ मे
हिने कंपनीला शहर कळवलं. मी विचारलं, कळवलंस ना? म्हणाली, कळवलं. विषय संपला. माझ्या अभ्यासाचं चीज झालं.

आधी दोघी जाणार. माझं तिकीट नंतर. कंपनीचे काहीतरी नियम आहेत, ती समजावत होती, पण मी लोकरी मोजे बघत होतो. स्वतःसाठी कानटोपी, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट घेतले. घालून आरशासमोर उभा राहिलो. घामाची आंघोळ झाली, पण चेहऱ्यावर एक वेगळीच शांती होती. दात नाही म्हणून जरा उठावदार दिसत नाही एवढंच.

ही बॅग भरते आहे. सगळे पातळ सुती कपडे! मी कपाळाला हात लावला. म्हटलं, वेडे, बर्फात गोठून मराल. म्हणाली, गरम कपडे तिकडेच घेऊ. बायकांना एक खरेदीचं निमित्त लागतं.

चिडलो नाही. एक चेन तुटली बॅगेची, पण ती ओढताना तुटली.

१४ मे
विमानतळ. पास काढून आत गेलो तर मेहुणा आधीच येऊन उभा. अंगठ्याला पट्टी. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

रांगेच्या वर पाटी होती, त्यावर भट्टीचं नाव. मी हिला म्हटलं, अगं, चुकीच्या रांगेत उभ्या आहात. ती म्हणाली, हीच रांग आहे. म्हटलं, ही भट्टीची आहे. म्हणाली, हो. म्हटलं, तिथे पंचेचाळीस असतं! म्हणाली, माहीत आहे. म्हटलं, मी तिथे पाय ठेवणार नाही, सांगितलं होतं ना तुला? ती म्हणाली, सांगितलं होतंत. मी दोनदा विचारलं होतं.

तिचा आवाज चढला नव्हता. सांगून ठेवतो, माझाही सुरुवातीला चढला नव्हता.

मग ट्रॉली उलटली. बॅगा पसरल्या. मी हिचं मनगट धरलं, फक्त थांबवायला. तिने पहिल्यांदाच हिसका दिला. मेहुणा मध्ये आला, त्याला मी डोक्याने मारलं. एका काकांचा चष्मा फुटला, त्यांचा काही संबंध नव्हता. मग चौघे गणवेशवाले अंगावर आले, हात मागे पिरगाळले, एकाने पाठीवर गुडघा रोवला. गाल फरशीवर. आजूबाजूची माणसं धावत आली होती. इतकी माणसं माझ्यासाठी कधी धावली नव्हती. टिकलीला तिघी-चौघी घेरून उभ्या होत्या.

फरशी मस्त गार होती.

तिथून फक्त पाय दिसत होते. हिच्या चपला, टिकलीचे सँडल. पळत नव्हत्या. चालत गेल्या.

१७ मे
आज सोडलं. आतल्या खोलीत पंखा नव्हता, हे मी तोंडी नोंदवलं आहे. विमानतळावर पाऊल ठेवायला बंदी. कोल्ड स्टोरेजमधून साहेबांचा निरोप, येऊच नका. हरकत नाही. जाकिटात कोंडत होतंच.

ही हवामानाच्या बाबतीत फसली आहे. एक उन्हाळा काढेल आणि मुकाट्याने बर्फवाल्या शहरात बदली मागेल. मग मी आहेच.

२ जून
टिकलीचा फोन आला. मेहुण्याने इथून जोडून दिला असावा. मी विचारलं, खूप उकडतं ना? म्हणाली, खूप. म्हटलं, बघ, मी काय म्हणत होतो! आई चिडचिड करत असेल. म्हणाली, आई झोपली आहे. भर दुपारी? म्हणाली, रोज झोपते. मी रंगवायला बसते. शेजारच्या आजी येऊन जाऊन असतात.

ही दुपारी कधी झोपल्याचं मला आठवत नाही.

म्हटलं, टिकले, मी यायला तयार आहे. माझं काय, मी सहन करीन. टिकली म्हणाली, बाबा, नको. तुम्हाला इथे फार उकडेल.

केवढी काळजी पोरीला बापाची.

संध्याकाळी ६
चहा केला. कपाटातल्या बश्या फुटून पडल्या आहेत, सगळ्याच. दोन बोटं कापली आहेत. बाहेर सकाळपासून ढग आहेत, बारीक पाऊस पडतो आहे, खिडकीतून थंडगार वारा येतो आहे. शर्टावरून शाल घ्यावी लागली.

उकडत नव्हतं.