रुमालाखालचा हात

मुक्काम अमरावती,
पौष शुद्ध पंचमी, शके १७८६

मित्र गुलाम नबी यांस भगवंतरावाचा रामराम, आणि तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवताना करतो तो सलामही.

पत्र पोचलं. रहिमाबी भाभींचा गुडघा बरा आहे हे वाचून मनकर्णेला बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला आहे तोवर आमच्या बाजाराला झोप नाही. कापसाच्या गाड्या वलगावच्या वाटेपर्यंत उभ्या असतात. थंडी फार आहे, म्हणून मी दिवसभर उपरणं गळ्याभोवती गुंडाळून असतो.

अकोल्याला आगगाडी येणार, दोघांनी मिळून दलाली मांडू, बोलणं तुझं आणि रुमाल माझा, असं तू लिहितोस. विचार करून कळवतो. घाई करू नकोस.

तू पाठवलेली खजुराची टोपली मी उघडू दिलेली नाही. वलगावच्या चंद्रभानचा दलाल मी आणि घेणारा तू, त्या कापसाच्या सौद्यात मी दोस्तीखातर भाव उतरवून तुला सांभाळून घेतलं, असं तू समजतोस. तसं नाही.

त्या दिवशी रुमालाखाली, लोकांना न दिसता भाव ठरवताना, मी तुझी चार बोटं दाबली, म्हणजे चार बोटांचा भाव. निदान मला तसं वाटलं. तू हात बाहेर काढून भाव सांगितलास तो तीन बोटांचा. तू खोटं बोलणार नाहीस आणि रुमालाखालचा सौदा फिरवायचा नसतो, म्हणून मी तोच भाव मान्य केला. तू गेल्यावर चंद्रभाननं भर बाजारात विचारलं, "काहून भगवंतराव, माह्या कापसावर दोस्ती करून राहिले काय तुमी?" लोक हसले. आता वलगावची एक गाडी माझ्याकडे वळत नाही.

मला वाटलं, तुझ्या अंगठीमुळे चुकलं. मग दुसरे व्यापारी महादेवराव, त्यांच्याशी सौदा करताना तेच झालं, आणि त्यांच्या हातात अंगठी नव्हती.

नबी, हात बिघडला म्हणावा तर तो बघत असताना नीट चालतो. हे पत्र मीच लिहितो आहे. पण नजर काढली की हात कुठे आहे ते मला कळत नाही. रुमाल टाकला की हात माझा राहत नाही. बोटांना मुंग्या येतात त्या वेगळ्याच. परवा बाजारातून घरी आलो तर मनकर्णा दारात म्हणाली, "एकाच पायात पायतन! दुसरं कुठी टाकून आले? भान हाय का तुमाले?" पायतण वाटेत गळालं आणि पायाला पत्ता नाही. ती म्हणते करणी आहे. वैद्य म्हणतात वात. दलाल म्हणतात दारू. रोज सकाळी यातलं एक मला खरं वाटतं आणि दुपारपर्यंत खोटं ठरतं.

शेवटी छावणीतल्या गोऱ्या डॉक्टराकडे गेलो. त्यानं माझे डोळे मिटायला लावले, पायाचं बोट धरून हलवलं आणि विचारलं, "ऊपर या नीचे?" मी वर म्हणालो. कंपाउंडर हसला, तेव्हा कळलं की खाली होतं. मग डोळे मिटून उभा केला, तर मी पोत्यासारखा पडलो.

मी म्हटलं, "साहेब, हाताला औषध द्या." तो म्हणाला, "हाथ का बीमारी हाथ में नहीं है." आणि त्यानं माझं उपरणं सोडलं.

थंडीमुळे गुंडाळतो असं वर लिहिलं ते खरं नाही. गळपट्टीच्या हाडावर गाठ आहे, बोराएवढी. दुखत नाही. दिवाळीत मनकर्णेनं तेल लावताना पाहिली, तेव्हा मी तिला उगीच रागावलो. खोकलाही आहे, तो मी चिलमीच्या नावावर ढकलत होतो. डॉक्टर म्हणाला, हाता-पायांची अशीच तक्रार घेऊन पूर्वी एक माणूस त्याच्याकडे आला होता. त्याच्या छातीत आत अशीच वाढ निघाली. हातांचा आणि तिचा संबंध काय, विचारलं तर म्हणाला, "मालूम नहीं." मग निघाली कधी, असं विचारलं. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "वो मरा, तब चीरके देखा." मी उपरणं पुन्हा गुंडाळलं.

मनकर्णेला यातलं निम्मं सांगितलं आहे. कुठलं निम्मं, ते आता मलाच आठवत नाही.

तेव्हा दलालीत माझं नाव घालू नकोस. अमरावतीला एकदा ये मात्र. टोपली तेव्हा उघडू. चंद्रभानला माझ्यासमोर सांग की दोस्तीसाठी मी त्याला विकलं नव्हतं. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. आणि भेटशील तेव्हा नेहमीसारखा हात दे. फक्त रुमाल टाकू नकोस. तू हात धरला आहेस हे मला दिसलं पाहिजे.

डोळे बोटांवर ठेवून ही सही करणारा,
तुझा
भगवंतराव