तीन माऊसपॅडांची तपासणी

दि. ११ फेब्रुवारी, रविवार सकाळ

चि. भिंगरी,

आशीर्वाद. आमचं दोघांचं ठीक चाललं आहे. बाबांचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, पण इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दोनशे माणसांचं जेवण उतरवताना तोच गुडघा कसा गप्प बसतो, हे मला अजून कळलेलं नाही. मागच्या खिडकीची काच बसवून घेतली. गिरणीत नवे माग आले, ते जवळजवळ आवाजच करत नाहीत. बाबा म्हणाले, "माग शांत झाले, आता तू कधी होणार?"

तुझे तीन माऊसपॅड मागच्या बुधवारी पोचले. फोनवरच सांगितलं असतं, पण दोन वर्षांत आपण दोघी फोनवर "थांब, बाबांना देते" याच्या पुढे गेलेलो नाही. शिवाय मी फोनवर भाषण करते, असं तुझंच म्हणणं आहे. कागदावर खोडता येतं. हा तिसरा कागद आहे.

बाबांनी तुझा निरोप कसा दिला ते आधी सांगते. ते भांडी पुसत होते, मी वर्तमानपत्र वाचत होते.

"भिंगरी तीन माऊसपॅड पाठवतेय. तू बघून एक निवडायचा आहेस."

"मी?"

"मीही हेच विचारलं. म्हणाली, कापडच आहे ते. आणि आपल्या घरात कापड एकीलाच कळतं."

मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि उगाचच पुन्हा उघडली. बाबा म्हणाले, "अगं, उलटं धरलंयस."

तर प्रश्न मला समजला तो असा. पंचवीस तारखेला तुमची अंतिम लढत. तुझा जुना पॅड मधोमध झिजून चकचकीत झाला आहे आणि तसा आता कुणी बनवत नाही. तू तीन आणलेस, दोन आठवडे तिन्हींवर खेळलीस. काळा मनात भरला आहे, पण त्याच्यावर विश्वास बसत नाही, आणि का बसत नाही ते सांगता येत नाही.

कोणतंही कापड कशासाठी आहे हे कळल्याशिवाय मी ते तपासत नाही. चादरीचं कापड मऊ म्हणून चांगलं, तंबूचं तेवढ्याचसाठी वाईट. म्हणून आधी तुझे सामने पाहिले. बाबांच्या फोनवर एकूण सव्वीस. पहिले चार पाहताना मला फक्त धूर आणि बंदुका दिसल्या. बंदुकांचा खेळ मला आजही पटत नाही, त्यावर आपण समोरासमोर भांडू, मी एक शब्द मागे घेणार नाही. पाचव्या सामन्यापासून मी पडद्याचा कोपरा बघायला लागले. तिथल्या छोट्या चौकोनात तुझा हात दिसतो.

भिंगरी, मी हात ओळखते. एकतीस वर्षं मी गिरणीत राबणाऱ्या हातांसाठीच भांडले आहे. तुझा माऊस तू मनगटाने नाही, खांद्यापासून फिरवतेस. पूर्ण हात फिरतो आणि ज्या ठिकाणी थांबायचं त्याच ठिकाणी थांबतो, केसभर अलीकडे नाही, केसभर पलीकडे नाही. म्हणजे तुला नुसतं घसरणारं कापड नको. घसरू देणारं आणि सांगितल्याबरोबर धरणारं कापड हवं. आणखी एक गोष्ट दिसली. सामना अटीतटीला आला की तुझा उजवा खांदा वर येतो आणि तू माऊस खाली दाबतेस. शाळेत निबंध लिहिताना अशीच पेन दाबायचीस, मागच्या तीन पानांवर अक्षरं उमटायची.

गुरुवारी तिन्ही पॅड गिरणीत नेले. आमच्या खात्यात तपासणीचं टेबल असतं, काचेचं, खालून दिवा. त्यावर ते मांडले तर रंगखात्याचे मास्तर डोकावले.

"बाई, हे काय? मांजराला बसायला?"

"माझ्या मुलीची कामाची जागा आहे ही," मी म्हटलं.

"खेळाची म्हणा."

"मास्तर, तुम्ही दिवसभर रंगात हात घालता, ती काय होळी समजायची का आम्ही?"

ते हसले, गेले, आणि पाच मिनिटांनी स्वतःचं धागे मोजायचं भिंग घेऊन आले. माझ्या भिंगापेक्षा त्यांचं चांगलं आहे. मग आम्ही दोघांनी जेवणाची सुट्टी त्यातच घालवली.

करड्या पॅडची वीण जाड, पकड उत्तम, पण खालचं रबर पावासारखं मऊ. दाबलं की बोट आत जातं. तू नेमकी अटीतटीला दाबतेस, म्हणजे नेमकं तेव्हाच तुझा माऊस खड्ड्यात बसणार. तो बाद.

काळा. खरोखर देखणा, घट्ट विणीचा, बोट ठेवलं की निघून जातं. त्याच्यावर ओला फडका दहा मिनिटं ठेवला, कारण मंचावरच्या दिव्यांच्या गरमीत तुझ्या हाताला घाम येणारच. त्याने पाणी पिऊन टाकलं आणि सुस्तावला. पण खरा दोष तो नव्हे. मास्तरांनी पट्टी ठेवली आणि मला बोलावलं. आडवा धागा पॅडच्या कडेला समांतर हवा. इथे तो डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जाता जाता बोटभर खाली उतरला होता. रबरावर कापड चिकटवताना कुणीतरी ते तिरकं ओढलं आहे. वरच्या काळ्या रंगामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, मलाही दिसलं नाही, दिवा आणि भिंग लागलं. अशा कापडावर हात सरळ आडवा नेला की धागा त्याला हळूच दुसरीकडे ओढतो.

आणि तू म्हणाली होतीस, विश्वास बसत नाही, का ते सांगता येत नाही.

मास्तर भिंग खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीने हे हाताने पकडलं?"

"हाताने," मी म्हटलं.

"मग तिला आमच्याकडे का नाही पाठवलंत?"

मी भिंग उचललं आणि तोच धागा पुन्हा एकदा टोकापासून टोकापर्यंत पाहिला. भिंगाशिवाय तिरका धागा ओळखणारा हात आमच्या खात्यात मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, मला काम शिकवणाऱ्या बाईचा. माझा नाही. मी चांगली आहे, पण मला दिवा लागतो. तुला लागत नाही. हे मी आई म्हणून लिहीत नाही. आई म्हणून मी तुझं कौतुक केलं तर ते कुणी मोजायचं? हे मी तपासनीस म्हणून लिहिते आहे.

तेव्हा हिरवा. वीण मध्यम, धागा दोन्हीकडे सरळ, आडवा आणि उभा हात जवळजवळ सारखाच जातो. रबर कडक. ओला फडका ठेवला तरी फारसा बदलला नाही. कडेची शिवण खाली दाबून घेतली आहे, हाताला घासणार नाही. दिसायला भाजीच्या पिशवीसारखा आहे, त्याला माझा इलाज नाही. खालची कड मी पांढऱ्या टाक्याने दाखवली आहे, ती बाजू तुझ्याकडे ठेव. हाती पडल्यापासून पंचवीसपर्यंत फक्त त्याच्यावरच खेळ, म्हणजे हात आणि कापड एकमेकांना ओळखतील.

शुक्रवारी गिरणीच्या गेटवर आमच्या युनियनची सभा होती. दोन वर्षांपूर्वी त्याच गेटवर, त्याच स्टुलावर उभी राहून मी आठशे माणसांसमोर म्हणाले होते की आपली मुलं पडद्यात बुडून हात गमावत आहेत आणि माझ्या घरातच एक हात वाया चालला आहे. टाळ्या पडल्या होत्या. तू गर्दीच्या कडेला डबा घेऊन उभी होतीस, हे मला नंतर कळलं. परवा मी तिथेच सांगितलं की ते वाक्य खोटं होतं. सांगितलं की माझ्या मुलीने तिरकं कापड हाताने पकडलं, की ती दिवसाचे दहा तास सराव करते, की कष्ट कशाला म्हणायचं हे ठरवायचा मक्ता आपल्याला कुणी दिलेला नाही. मागून शिलाई खात्यातली एक ओरडली, "बाई, मग पोरीची वर्गणी कधी घेताय?" सगळे हसले. मीही हसले. स्टुलावरून उतरताना वाटलं, चला, झालं.

झालं नव्हतं. आठशे माणसांसमोर चूक कबूल करताना माझं काहीच जात नाही. तो माझा आखाडा आहे. माझं जे जायचं ते या कागदावर आहे, आणि आधीचे दोन कागद मी याच ठिकाणी फाडले.

दोन वर्षांपूर्वी, तुझ्या त्या निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तुझा तेव्हाचा पॅड धुतला आणि त्याला इस्त्री केली. कापड आकसलं, खालच्या रबराला फोड आले. तू उसन्या पॅडवर खेळलीस, दुसऱ्याच फेरीत हरलीस, आणि महिन्याभरात दुसऱ्या संघाबरोबर दुसऱ्या शहरात निघून गेलीस. नंतर तू ते विनोद म्हणून सांगू लागलीस. मागच्या वर्षीच्या त्या मुलाखतीत सांगितलंस, "माझ्या आईने माऊसपॅडला इस्त्री केली होती, तिला वाटलं रुमाल आहे." सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले. मी त्यांच्याबरोबर हसले, कारण तो विनोद म्हणजे माझ्यासाठी भिंत होती आणि मी तिच्या मागे आरामात बसले होते.

मग तू निरोप पाठवलास, आपल्या घरात कापड एकीलाच कळतं. जिला कापड कळतं ती रबराला इस्त्री लावते का, भिंगरी? तुला हे कधी सुचलं नाही, की सुचलं आणि तू गिळून टाकलंस, हे मला माहीत नाही. विचारायचा हक्कही नाही.

मला माहीत होतं. मी पॅड उलटा केला होता, रबरावरून तळवा फिरवला होता. ते किती गरमीत फुगेल हे मला रंगखात्याच्या मास्तरांइतकंच कळतं. तरी मी इस्त्रीचा काटा जाड सुतीवर नेला आणि इस्त्री टेकवली. तू "आई, त्याला हात लावू नकोस" म्हणून गेली होतीस.

कारण द्यायचं तर देते, ते सबब म्हणून घेऊ नकोस. त्या महिन्यात आठशे माणसं माझं ऐकत होती आणि घरात एक मुलगी कानांवर हेडफोन चढवून बसली होती. मी दारात उभी राहून तुला हाक मारायची, तू वळायची नाहीस. पुढाऱ्यांचा अहंकार काय चीज आहे यावर मी तासभर बोलू शकते. इतरांच्या.

हे आज न लिहिता पॅड पाठवून देणं सोपं होतं. तू तो निर्धास्त वापरला असतास, जिंकली असतीस, आणि मी सांगत फिरले असते की निवड माझी होती. पण तो हात तुझा आहे आणि पंचवीस तारीख तुझी आहे. ज्या कापडावर तुझा हात टेकणार ते कोणाच्या हातून आलं, हे तुला माहीत असलं पाहिजे. म्हणून तिन्ही पॅड परत पाठवते आहे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. काळ्यावर पट्टी ठेवून स्वतः बघ, करडा अंगठ्याने दाबून बघ. आणि एवढं बघूनही माझ्या निवडीवर तुझा हात टेकत नसेल, तर चौथा आण. त्या हातावर विश्वास ठेव. माझ्यावर ठेवायलाच हवा असं नाही.

आमच्याकडे तपासलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर तपासणाऱ्याची चिठ्ठी लागते, सहीसकट. कापडात खोट निघाली तर गिऱ्हाईक तीच चिठ्ठी परत पाठवतं आणि मग त्या माणसाला खात्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं. तुझ्या हिरव्या पॅडच्या मागे माझी चिठ्ठी टाचली आहे. ती परत आली तर मी पंचवीसला घरी थांबेन, बाबा एकटेच येतील आणि तुला काही विचारणार नाहीत. नाही आली, तर मी त्यांच्याबरोबर येईन. शेवटच्या रांगेत बसेन. मी आयुष्यात कधी दुसऱ्या कुणासाठी नुसती खाली बसून राहिले नाही, त्यामुळे जमेलच असं सांगत नाही, पण तोंड उघडणार नाही. तू जिंकलीस तर तो तुझ्या हाताचा विजय, आणि हरलीस तरी असा हात मी दुसरा पाहिलेला नाही, हे मी कुठल्याही गेटवर सांगेन.

बाबा पाकीट घेऊन जायला उभे आहेत. विचारतात, "एका पॅडवर एवढं लिहिण्यासारखं असतं काय?"

काळजी घे. उजवा खांदा खाली ठेव.

सगळं तपासून आणि या वेळीही जाणूनबुजून सही करणारी,
तुझी आई