उमरावाचा अध्याय

आई, आज कधी एकदा कुणाला सांगते असं झालंय, आणि नेमकी तूच आठवलीस, जिनं हे ऐकून आधी कपाळावर हात मारला असता. मी सध्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते. साध्यासुध्या नाहीत, चांगल्या चावट. दोनशे वर्षांपूर्वीची विलायत, घोडागाड्या, मेणबत्त्या, आणि प्रत्येक पुस्तकात एक छंदीफंदी उमराव, ज्याच्या नावानं अख्खं गाव बोटं मोडतं. त्याच्यासमोर लग्नाचं वय उलटून गेलेली एक बाई. चष्मेवाली, फटकळ, नाचाच्या वेळी भिंतीकडेला खुर्ची टाकून बसणारी. आणि ह्या मेल्याला सगळ्या पोरी सोडून नेमकी तीच दिसते! पुढे काय होणार ते पहिल्या पानावरच कळतं, तरी माझी छाती धडधडायची ती धडधडतेच. शेजारची तेलुगू सून घरूनच कंपनीचं काम करते, तिनं मला ही पुस्तकं फोनवर घालून दिली. निवृत्तीनंतर करमत नाही म्हणत होते, आता जेवणाची शुद्ध नसते.

नववीत माझ्या दप्तरात तुला एक कादंबरी सापडली होती, आठवतं? तू मारलं नाहीस. मला हाताला धरून तडक ग्रंथालयात नेलंस आणि तिथल्या माणसाला सांगितलंस, "हिला फक्त प्रवासवर्णनं देत जा." मी मान खाली घालून शेजारी उभी. पुढची कितीतरी वर्षं मी सोलापुरातून न हलता हिमालय चढले, वाळवंटं ओलांडली. मग स्थळं आली तशी गेली, बाबांचं आजारपण निघालं, मी शाळेत मुलींना गणित शिकवत राहिले. तू आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचीस, "आमच्या हिला कसली म्हणून हौस नाही." मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी असायचे. मला राग यायचा, आई. फार राग यायचा. पण कप खाली ठेवून 'आहे' म्हणायचं कसं, ते काही मला जमलं नाही.

तर आजचं ऐक. गच्चीवर उडदाचे पापड होते. ऊन तापायच्या आत आटपायचं म्हणून सगळ्या जणी उजाडताच जमल्या. तुझ्या वेळी तू पोथी वाचायचीस आणि वाचणारणीच्या वाटणीचे पापड बाकीच्या लाटायच्या. तू गेल्यावर ते बंदच पडलं. आज समोरच्या काकू म्हणाल्या, "तुज्या आईवानी वाच की कायतरी. नुस्ते हात चालवून कंटाळा येतोय." काकू थकल्यात आता, पण गल्लीत अजून त्यांचाच शब्द चालतो. माझ्या हातात फोन, फोनमध्ये उमराव. सून गालात हसली आणि मला काय झालं कोण जाणे, मी सुरुवात केली. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं, तोंडानं मराठी सांगायचं. उमरावाचा जहागीरदार झाला, घोडागाडीचा टांगा. बाया अशा रंगल्या, काय सांगू! एकीनं ऐकता ऐकता पापड इतका पातळ लाटला की उचलताना फाटला.

मग तो प्रसंग आला. टांग्याचं चाक मोडलेलं, वाटेवरची खाणावळ, आणि तिथं एकच खोली रिकामी. मी घाईघाईनं म्हटलं, "त्यानं दार लावून घेतलं. मग सकाळ झाली."

लाटणी थांबली.

"सकाळ?" काकू म्हणाल्या. "मदली रात कुटं गेली?"

"काकू, ते जरा तसलं आहे."

"तसलं म्हंजी? आमाला काय लेकरं देवळातनं मिळाली व्हय? अध्याय मदी सोडू न्हाय. तुज्या आईनं कदी सोडला न्हाय. वाच."

ज्यांच्या मुलींना मी फळ्यावर समीकरणं सोडवून दाखवली त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. काकू उठून गेल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं, की बिनलग्नाची बाई, आणि तोंड बघा हिचं. तरी मी वाचलं. त्यानं तिच्या केसांतले आकडे एकेक करून काढले तिथपासून. मग तिनं त्याचा हात थांबवला आणि आपला चष्मा आपणच काढून ठेवला, तिथपर्यंत, आणि त्याच्याही बरंच पुढे. कुणी उठलं नाही. दोघीतिघींनी पदरात तोंड लपवलं, सून तर लालबुंद झाली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बाई लई धीराची निगाली." आणि पापडाची एक लाटी तेलात बुडवून त्यांनी स्वतः माझ्या तोंडात घातली. उद्या कुरडया आहेत, नवं पुस्तक आणायचं बजावलंय. मला तर आनंदानं दुपारी झोपही आली नाही.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून एवढं लिहायला धजले. एक मात्र तिथं कुणालाच सांगितलं नाही. त्यानं दुसरा आकडा काढला आणि फोनचं चार्जिंग संपलं. मी काळ्या काचेवर बोट सरकवत राहिले, आणि पुढचं सगळं, तो चष्मासुद्धा, माझ्या मनचं सांगितलं.