अकराव्या मिनिटाचा उंचवटा

३ तारीख, सोमवार
अखेर नोकरी लागली, आणि तीही जाळपोळ करायची. ताईला फोनवर हेच सांगितलं, तर म्हणाली, रोज दूध उतू घालवायचा तुझा सराव कामी आला.

इथे रेल्वेच्या डब्यातलं सामान जाळून पाहतात: सीटचा फोम, कापड, भिंतीचे पत्रे. तळहाताएवढा तुकडा शंकूच्या आकाराच्या लालबुंद हीटरखाली ठेवायचा. उष्णता आणि धूर मोजायचा. पास झालं तरच ते गाडीत बसतं. मी ते आकडे कॉम्प्युटरमध्ये घालून अख्खा डबा कसा जळेल ते काढायचं. मग शेडमध्ये खराखुरा अर्धा डबा पेटवून माझं गणित ताडून पाहायचं.

साहेबांच्या नाकावर राग. तंत्रज्ञ मात्र लाघवी; सगळे त्यांना मामाच म्हणतात. नमुने तेच कापतात, शेडही तेच सांभाळतात. त्यांनी चहा पाजला, माझी खुर्ची पुसून दिली. त्या खुर्चीवर आधी एक मुलगी होती. गेल्या वर्षी सोडून गेली म्हणे.

५ तारीख, बुधवार
सराव म्हणून गेल्या वर्षीचा डबा कॉम्प्युटरवर जाळला. दहा मिनिटं आलेखावर उष्णतेची माझी रेघ आणि खरी रेघ बरोबर चालल्या. अकराव्या मिनिटाला खऱ्या रेघेला उंचवटा येतो आणि बराच वेळ उतरतच नाही. माझ्या रेघेला तो नाही. डब्यात स्क्रूसुद्धा वजन करून जातो, यादी मामांच्या हातची आहे, म्हणजे चूक माझीच असणार. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, जुनी मढी उकरू नका.

७ तारीख, शुक्रवार
चूक सापडेना. सापडली ती भलतीच गोष्ट. जुन्या फाइलच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय की चाचणीचा तुकडा आग लागू नये म्हणून औषधात बुडवलेला आहे, गाड्यांत लागणारं कापड हे नव्हे. अक्षर त्या मुलीचं, फाइलवर नावही तिचंच. खाली तारीख डबा जाळण्याच्या आदल्या दिवशीची. ताई रोज त्याच गाड्यांनी कामावर जाते. मनात शंकेची पाल चुकचुकली. काचेपलीकडून साहेब बघत होते, म्हणून फाइल मिटली.

१० तारीख, सोमवार
उंचवट्याला काय जुळतं ते कॉम्प्युटरवर उलट्या बाजूने शोधलं. फोम वाढवला, नाही. एक बॅग ठेवली. ती भसकन जळून संपते. मग आधी ज्यातलं पाणी उडेल आणि नंतर चरबी संथ जळत राहील असं काहीतरी ठेवलं. अठ्ठावन्न किलो. सहावी ओळ, खिडकीजवळ. रेघेवर रेघ बसली.

हिशेब साठवून ठेवला. नंतर ऑफिसातल्या बाईंना माझ्या आधीच्या त्या मुलीबद्दल विचारलं. राजीनामा टाइप केलेला होता, सही नव्हती. तिची आई दोनदा विचारत आली होती.

१२ तारीख, बुधवार
माझा तो हिशेब कोणीतरी उघडून पाहिलाय. साहेबांनी मला एकटीला बोलावून बजावलं, मला विचारल्याशिवाय डब्यात पाऊल टाकायचं नाही. का? आत काय लपवलंय? माझी पाचावर धारण बसली.

मामांना सगळं सांगितलं, अठ्ठावन्न किलोसकट. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. म्हणाले, पोरी, कोणाजवळ बोलू नकोस. उद्या नवा डबा जाळायचाय, त्यात गाडीतलंच कापड आहे. साहेब जेवायला गेले की कापून घे, पुरावा होईल. जिवात जीव आला.

१३ तारीख, गुरुवार
सव्वा वाजला. साहेब गेले. मी डब्यात, वही एप्रनच्या खिशात. सहाव्या ओळीतलं कापड कापलं. हाताला खरखरीत लागतंय, औषधाचा वास — हेही बुडवलेलंच. इथे पुरावा नाहीच. मग मामांनी मला कशाला —

नमुने मामाच कापतात.

दार बंद. आतून कडीच नाही. हाका मारल्या —

मामा बाहेरच आहेत. नेहमीच्याच मायेने बोलतायत. म्हणाले, गणित छान आहे तुझं, फक्त दोन किलोने चुकलं. ती छप्पन्न भरली होती.

वायरींच्या भोकातून ही वही बाहेर टाकते. साहेब, तुम्हाला मिळाली तर —

आता माझं वजन विचारतायत. यादीत लिहायचंय म्हणे. मी नाही सांगणार. ते म्हणतात, राहू दे, रेघच सांगेल —