संकेश्वरीचा ठसका

वटार, ता. वसई
फाल्गुन, १९५१

ती. आईस नरहरीचा नमस्कार.

इथल्या शाळेत मी रुळलो आहे. आनंदीबाईंकडे जेवतो. त्यांची केळी-नारळाची वाडी आहे, त्यामुळे कालवणही गोडसर असतं. मध्ये थोडा ताप होता, आता उतरलाय. तुझा खोकला कसा आहे?

ताप हटेना तेव्हा आनंदीबाईंनी तू दिलेल्या संकेश्वरी मिरच्या मीठ-मोहरीबरोबर माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की घरातली सगळी खोकत ओटीवर पळाली. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच, मग मास्तरांना झालंय तरी काय, असं त्या बाहेरून विचारत होत्या.

मी चुलीपाशीच बसून राहिलो. तू तिखटासाठी मिरच्या भाजतेस तेव्हा आपलं घर असंच भरतं. धूर पुरता विरेपर्यंत मी उठलो नाही.

तुझा,
नरहरी