तिरपा खिळा

बाबा,

माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण मेडशीच्या रस्त्यावर धारातीर्थी पडलं, हे तुम्हांला कळवणं मी माझं कर्तव्य समजतो. वाशीमहून ट्रकमध्ये किराणा भरला, डबा मागे हौद्यात पोत्यांच्या आड ठेवला. पोचलो तेव्हा वांग्याची भाजी जागेवर होती, तिच्यावर तालुक्याची धूळ होती, झाकण मात्र नव्हतं. फळ्या खराब होऊ नयेत म्हणून मी अंथरलेली महागडी रबरी चटई सरकली होती, आणि तिच्याखाली फळीला भगदाड पडलं होतं. चटईखाली पाणी मुरत राहिलं आणि लाकूड शिऱ्यासारखं मऊ झालं. ट्रकांचे हौदे दुरुस्त करण्यात ज्याच्या बापाची हयात गेली, त्याच्या ट्रकची ही अब्रू.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर चटई फेकली आणि ट्रकखाली उताणा झोपलो. तुम्ही असेच झोपायचात. तोंडात खिळे, हातात खडू, नजर वर. खिळे सावरत म्हणायचात, "वरून फळी दिसते, खालून उजेड दिसते." उजेड दिसेल तिथे फुली. मीही खडू नेला होता, पण फुल्या मारायला शाबूत फळीच कमी पडली.

तिथे पडल्यापडल्या तो भाजीवाल्यांचा ट्रक आठवला. तुम्ही लग्नाला अनसिंगला गेला होता आणि दुकान माझ्या ताब्यात होतं, म्हणजे दुकानाची साडेसाती होती. ओल्या मेथीपालकाने फळ्या काळ्या पडलेल्या. त्या उचकटून पाहायच्या ऐवजी मी वरून चकचकीत पत्रा ठोकला. मालक खूश, मी त्याहून खूश. दोन महिन्यांनी टोमॅटोचं कॅरेट घेऊन चढलेल्या हमालाचा पाय पत्र्यासकट खाली गेला. घोटा मोडला, तो कायमचा लंगडा झाला. मंडईत सगळे जमले, तेव्हा माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "काम माहं हाय. माहा हात चुकला." त्यानंतर भाजीवाले आपल्याकडे फिरकले नाहीत. घरी मात्र, ताटातली भाकर न मोडता, एवढंच बोललात, "लाकूड मोडाच्या पह्यले करकरते, बापू. तूनं त्याच्या तोंडावर पत्रा ठोकला." पुढे मी जन्मभर, ट्रक हाकता हाकता, गावोगावच्या पारांवर लोकांची ढोंगं उघडी करून टाळ्या मिळवल्या. हे एक मात्र पत्र्याखालीच ठेवलं.

आता माझ्या ट्रकचं सांगतो, काम चोख केलं. कुजक्या फळ्या काढल्या, बाभळीच्या नव्या घातल्या, जळकं ऑइल दोनदा पाजलं, वर सुट्या पट्ट्या टाकल्या, म्हणजे ओला माल टेकला तरी खाली वारा खेळेल. तुम्हीही खोट काढली नसती. निदान लगेच नाही.

काल मंडईत ट्रक लावला. तो हमाल आता म्हातारा झालाय, पोती मोजायला बसतो. लंगडत आला, हौद्यात चढला, दोन्ही पाय आपटून फळ्या बघितल्या. म्हणाला, "बापाचा हात हाय तुले. त्याचा एकदाच चुकला, तो बी माह्याच पायाच्या येळी."

इतकी वर्षं मी या वाक्यावर मान डोलावत आलो. काल म्हटलं, "मामा, तो हात बाबाचा नोता. माहा होता."

त्याने तंबाखू मळणं थांबवलं नाही. "मालूम हाय. तुहा बाप खिळा तिरपा ठोके, गाडी हादरली तरी निंगत नोता. त्या पत्र्याचे सारे सरळ होते."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू कधी बोलतं, ते पाहून राह्यलो होतो."

मग मी मंडईतल्या चार भाजीवाल्यांना बोलावून, त्याच्यासमोर, तेच पुन्हा सांगितलं. एक जण हसला, एकाने तुमच्या नावाने हात जोडले.

तुम्ही गेलात तिथे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा हे इथेच ट्रकमध्ये राहील. एक कबूल करतो. नव्या फळ्यांना खिळे तिरपेच ठोकले. त्यातले निम्मे वाकले.